आधी पदर, मग वाटी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, जळगावात पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला असताना, एकोणीस दिवसांचे एक बाळ माझ्याकडे स्तनपानाच्या समुपदेशनासाठी आले. बरोबर त्याची आई, आजी आणि पणजी असा लवाजमा होता. शिवाय एका कापडी पिशवीत पावडरच्या दुधाचा डबा, दोन बाटल्या आणि स्टीलचा थर्मास होता. आईला आपण मनीषा म्हणू. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सासर धुळ्याचे, पहिले बाळंतपण म्हणून माहेरी, चोपडा तालुक्यात आलेली. खुर्चीवर टेकण्यापूर्वीच तिने विचारले, "मॅडम, अंगावरचं आणि डब्याचं, दोन्ही दिलं तर चालतं का? की एक काहीतरी बंद करायलाच लागेल?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो, आणि तो विचारणारीच्या आवाजात बहुधा अपराधी भाव असतो. मनीषाच्या बाबतीत तो का आला होता, हे तिने नंतर सांगितले. रात्री तीन वाजता ती स्वयंपाकघरात पाणी उकळत उभी होती आणि समोरच्या डब्यावरची सूचना वाचत होती: आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम. ती सूचना १९९२ च्या कायद्यामुळे प्रत्येक डब्यावर छापावीच लागते. कंपन्यांनी आयांना भुलवू नये म्हणून हा कायदा झाला आणि तो योग्यच आहे. मात्र ज्या बाईच्या हातात तो डबा डॉक्टरांच्याच सांगण्यावरून आलेला आहे, तिला मध्यरात्री ती ओळ दोषारोपासारखी वाटते. मनीषा ओट्याशी उभी राहून रडली होती.

बाळाचे जन्मवजन २८०० ग्रॅम होते. सिझेरियन झाले, रक्तस्राव बराच झाला आणि हिमोग्लोबिन ८ वर आले. चौथ्या दिवशी घरी सोडताना वजन २५४० भरले, म्हणजे नऊ टक्क्यांहून थोडी अधिक घट. पहिल्या आठवड्यात सात टक्क्यांपर्यंत घट बहुतेक बाळांत दिसते. ती दहाच्या जवळ जाऊ लागली की पाजणे कसे चालले आहे हे काळजीपूर्वक पाहावे लागते आणि गरज असेल तर वरचे दूध द्यावे लागते. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी अंगावर पाजल्यावर थोडे थोडे वरचे दूध द्यायला सांगितले. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. चुकले ते एवढेच, की हे दूध कधी आणि कसे कमी करायचे, हे तिला कोणी सांगितले नाही. औषधाची चिठ्ठी देताना आपण किती दिवस हे लिहितो. वरच्या दुधाच्या चिठ्ठीवर ते क्वचितच लिहिलेले असते.

मग घरी जे घडते तेच घडले. सिझेरियनची बाळंतीण, तिला झोप मिळावी म्हणून आजीने रात्री अकराची आणि पहाटे तीनची बाटली आपल्याकडे घेतली. त्यामागे माया होती, पण रात्री दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण दिवसापेक्षा अधिक असते, आणि नेमक्या त्याच वेळी स्तनांना कोणी रिकामे करत नव्हते. भरलेले दूध बाहेर पडले नाही, की शरीर त्याचा अर्थ मागणी कमी आहे असा घेते आणि उत्पादन आवरते. आठ दिवसांत बाटल्या तीनवरून सहावर गेल्या. पणजीबाईंनी निदान करून टाकले होते: "त्यानं पोट भरत नही, म्हनीसन तो रडस."

मी वजनकाटा पुढे ओढला. बाळ ३०५० ग्रॅम भरले. पंधरा दिवसांत ५१० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सरासरी ३४. वाढ उत्तम होती. मग कागदावर हिशेब मांडला, कारण या विषयात भावनेपेक्षा आकड्यांनी धीर लवकर येतो. या वयाच्या बाळाला दिवसभरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १५० मिली दूध लागते. म्हणजे या बाळाला साडेचारशेच्या आसपास. सहा बाटल्या, प्रत्येकी ६० मिली, म्हणजे ३६० मिली डब्याचे. उरलेले नव्वदच्या आसपास मनीषाचे. "म्हणजे माझं दूध आहे?" तिने विचारले. आहे, पण सध्या ते चवीपुरते येत आहे. आणि ते वाढवता येईल की नाही हे पाहायचे असेल, तर आधी बाळ कसे पिते ते पाहायला हवे.

बाळ फक्त स्तनाग्र तोंडात धरत होते. गाल आत ओढले जात होते, चुटचुट आवाज येत होता आणि मनीषा दात आवळून बसली होती. टाक्यांमुळे बाळ पोटावर घ्यायला ती घाबरत होती, म्हणून त्याला बगलेखालून, पाय पाठीमागे करून घ्यायला लावले. नाकासमोर स्तनाग्र धरायचे, बाळाने जांभई दिल्यासारखे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबायचे, आणि मग हनुवटी आधी टेकेल असे त्याला जवळ घ्यायचे. चौथ्या प्रयत्नात जमले. आवाज थांबला, कानाजवळचा जबडा हलू लागला आणि दोन-तीन ओढींमागे एक घोट ऐकू येऊ लागला. दोन्ही बाजूंनी पाजून झाल्यावर त्याच कपड्यांत, त्याच लंगोटात बाळ पुन्हा काट्यावर ठेवले. ३० ग्रॅम वाढले होते. पणजीबाई काट्याच्या आकड्याकडे वाकून पाहत राहिल्या.

आता मूळ प्रश्न. दोन्ही दुधे एकाच दिवशी, अगदी एकापाठोपाठ दिली तरी चालतात. "पोटात फाटतं" ही भीती आमच्याकडे फार ऐकू येते. प्रत्यक्षात कोणतेही दूध पोटात गेले की साकळतेच, पचनाची ती पहिली पायरी आहे, आणि दोन दुधांचे एकमेकांशी भांडण होत नाही. शी थोडी घट्ट होईल, रंग आणि वास बदलेल, पोट भरल्यावर बाळ जरा अधिक वेळ झोपेल; यात आजार काही नाही. अंगावरचे दूध थोडे असले तरी त्यातली रोगप्रतिकारक द्रव्ये बाळाला मिळतात. वरचे दूध सुरू झाले म्हणून ती वाया जात नाहीत. फक्त काढलेले आईचे दूध आणि पावडरचे दूध एकाच भांड्यात मिसळू नये, कारण बाळाने उरवले तर ते टाकून द्यावे लागते आणि आईचे कष्ट मोरीत जातात.

थर्मास मात्र मी उघडला आणि तिथे माझा आवाज थोडा चढला. सकाळी सात वाजता एकदम अर्धा लिटर दूध तयार करून त्यात भरले जात होते आणि दुपारी चारपर्यंत वापरले जात होते. पावडर निर्जंतुक नसते. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात, आणि थर्मास ते दूध त्यांना हवे तसे कोमट ठेवतो. खानदेशच्या मे महिन्यात तर बाहेरही तेच तापमान असते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले गरम असतानाच वापरायचे. आधी पाणी मोजायचे, मग पावडर. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा असे प्रमाण असते, पण आपल्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचायचे. त्यात "उन्हाळा आहे, जरा पातळ करू" किंवा "पोरगं अशक्त आहे, जरा घट्ट करू" असे काही करायचे नाही. पातळ केले तर पोषण कमी पडते, घट्ट केले तर मूत्रपिंडांवर ताण येतो. भांडे थंड पाण्यात धरून निववायचे, मनगटावर थेंब टाकून पाहायचे, दोन तासांत संपवायचे, आणि बाळाने उष्टे केलेले लगेच ओतून द्यायचे. थर्मासमध्ये हवे तर उकळते पाणी ठेवा, दूध नको. आणि उन्हाळा कितीही असो, सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी, गुळाचे पाणी किंवा गाईचे दूध नको, आणि मध तर वर्षभर नको.

बाटल्यांबद्दल मी फार ताणले नाही, तरी पर्याय सुचवला. बाटली उभी धरली की साठ मिली पाच मिनिटांत घशाखाली जाते. स्तनातून तेवढे मिळवायला बाळाला वीस-पंचवीस मिनिटे मेहनत करावी लागते, आणि फुकट मिळणाऱ्याची सवय तान्ह्यालाही लागते. पणजीबाई म्हणाल्या की घरात चांदीचे बोंडले, म्हणजे तान्ह्याला पाजायचे चोचीचे छोटे भांडे, आहे, मनीषाच्या आईलाही त्यानेच पाजले होते. मला आनंदच झाला. बोंडले किंवा वाटी-चमचा उकळून घ्यावा, बाळाला टेकवून बसते करावे, दूध ओठाशी आणावे आणि त्याला जिभेने ओढू द्यावे. तोंडात ओतू नये. (अंगावर पाजल्यावरही बाळ बाटलीतले गटागट पिते, म्हणून ते उपाशीच होते, असा निष्कर्ष घरोघरी काढला जातो. तोंडात धार पडली की नवजात बाळ गिळतेच. त्याला दुसरा मार्ग नसतो.)

योजना अशी ठरली. चोवीस तासांत दहा वेळा आधी अंगावर, दोन्ही बाजूंनी. त्यानंतर गरजेपुरते बोंडल्याने. रात्रीची एकही वेळ मनीषाने सोडायची नाही. मात्र पाजून झाले की ढेकर काढणे, लंगोट बदलणे, थोपटणे हे सगळे आजीचे. दिवसातून चार वेळा पाजल्यानंतर हाताने दूध काढायचे आणि तेच पुढच्या वेळी वरचे म्हणून द्यायचे. डब्याचे दूध ३६० वरून ३०० करायचे आणि चौथ्या दिवशी वजन. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: किती लंगोट ओले झाले आणि वरचे किती मिली गेले. दिवसाला सहा किंवा अधिक भरपूर ओले लंगोट आणि रोज वीस-तीस ग्रॅम वाढ, एवढे असेल तर रडण्याला भूक हे कारण मानायचे नाही. संध्याकाळी सहा ते नऊ बाळे रडतात, पुनःपुन्हा पदराशी येतात. आमच्याकडे बहुतेक डबे याच तीन तासांत उघडले जातात.

हळीव, डिंकाचे लाडू, शतावरी यांविषयी आजीने विचारलेच. बाळंतिणीच्या अंगात रक्त कमी आहे, तिने खावे, आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. पण पान्हा लाडवाने येत नाही, तो बाळाच्या ओढण्याने येतो. औषधे घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. लाडवांचा डबा माझ्या टेबलावरही ठेवला गेला, त्याला मी नाही म्हटले नाही.

चौथ्या दिवशी ३१६०. डबा २४० वर आणला. आठव्या दिवशी ३२६०. मनीषाच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू दिसले, आणि त्याच हसण्याने पुढचा घोळ झाला. तिने मला न विचारता एका दिवसात डबा निम्म्यावर, १२० वर आणला. चार दिवसांनी आली तेव्हा वजन ३२९०, म्हणजे चार दिवसांत केवळ ३० ग्रॅम. वहीत ओले लंगोट पाच, मग चार. बाळ फार झोपते, त्रास देत नाही, असे ती समाधानाने सांगत होती. ते समाधान मला नको होते.

मी तिला रागावले नाही, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. कामाच्या पहिल्या वर्षी, केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या एका आईला मी मोठ्या उत्साहात डबा त्याच दिवशी बंद करायला सांगितले होते. "दूध येईलच, विश्वास ठेवा" हे माझे शब्द होते. पाचव्या दिवशी त्या बाळाचे दीडशे ग्रॅम वजन घटले आणि पाणी कमी झाल्यामुळे त्याला दाखल करावे लागले. विश्वासाने स्तन भरत नाहीत. तेव्हापासून मी वजनकाट्याशिवाय कोणाचाही डबा कमी करत नाही. झोपाळू, शांत, मागत नसलेले बाळ पाहिले की मी आधी त्याचा लंगोट पाहते, आणि मूत्र गडद असेल, तोंड कोरडे असेल किंवा बाळ पाजायला उठतच नसेल, तर समुपदेशन बाजूला ठेवून थेट बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते.

मनीषाचा डबा पुन्हा २४० वर नेला. पुढे ३० मिलीच्या पायऱ्या घेतल्या, प्रत्येक पायरीवर चार-पाच दिवस थांबलो. साठाव्या दिवशी वजन ४१५० होते आणि वरचे दूध १२० मिली, म्हणजे संध्याकाळी साठ आणि रात्री झोपण्यापूर्वी साठ. तिथे गाडी अडली. ते साठ-साठ काढण्याचा प्रयत्न आम्ही दोनदा केला आणि दोन्ही वेळा वाढ मंदावली. बाळंतपणातला रक्तस्राव आणि कमी हिमोग्लोबिन हे त्याचे एक कारण असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्तन पुरेसे रिकामे झाले नाहीत, हे दुसरे. मनीषाला वाईट वाटले. सहा महिने निव्वळ स्तनपान ही शिफारस तिला माहीत होती, मलाही माहीत आहे, आणि पुढच्या बाळंतपणात पहिल्या तासापासून काय करायचे ते आम्ही आताच लिहून ठेवले आहे.

तीन महिन्यांच्या भेटीला ती धुळ्याहून एसटीने आली, या वेळी सासूबाईंबरोबर. वजन बरोबर पाच किलो. सासूबाईंनी विचारले, "एवढं अंगावर पितोय तर ही दोन बोंडली कशाला? आणि ही ठेवायची तर मग सगळाच डबा का नको?" मी त्यांना वही दाखवली. दिवसाच्या सात-आठशे मिलीपैकी एकशेवीस डब्याचे, बाकी सगळे सुनेचे. ही दोन बोंडली सहाव्या महिन्यापर्यंत राहू द्या. वरणभात सुरू झाला, की संध्याकाळचे साठ आधी कमी करून पाहू, मग रात्रीचे. अंगावरचे दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहू द्या. सासूबाईंनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि बोंडले किती मिनिटे उकळायचे ते त्यात आपल्या हाताने लिहून घेतले.