वाचकांचे प्रश्न : हार्प शिकताना बोटांचे बळ आणि हाताची ठेवण

पाश्चात्त्य तंतुवाद्यांची ओळख करून देणाऱ्या लेखमालेत हार्पवरचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर, परदेशात राहून हे वाद्य नव्याने शिकू लागलेल्या मराठी वाचकांची आणि इथल्याही काही जणांची पत्रे आली. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकांची तक्रार एकच आहे : बोटांत जोर नाही, तो कसा वाढवावा? त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी एडिनबरामध्ये राहते. ३४ तारांचे लिव्हर हार्प (तारेचा स्वर खटक्याने चढवता येतो असे छोटे हार्प) भाड्याने घेऊन काही महिन्यांपूर्वी शिकायला सुरुवात केली. अंगठा आणि तर्जनी बऱ्यापैकी वाजतात, पण अनामिकेचा स्वर इतका क्षीण निघतो की बाकीच्या स्वरांत तो हरवून जातो. बोटांची ताकद वाढावी म्हणून मुठीत धरून दाबायचे स्प्रिंगचे साधन आणले आहे. त्याचा रोज किती वेळ व्यायाम करावा?

उत्तर : ते साधन कृपया बाजूला ठेवावे. लिव्हर हार्पची तार छेडण्यासाठी जेवढे बळ लागते तेवढे तुमच्या हातात आजही आहे. भरलेली बादली उचलणाऱ्या कोणत्याही हातात ते असते. अडचण आहे ती हे बळ तारेपर्यंत पोचण्याच्या वाटेत.

बोटे आत वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि त्यांच्या लांब कंडरा मनगटातल्या अरुंद जागेतून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. स्प्रिंग दाबताना चारही बोटे आणि अंगठा एकाच वेळी, एकमेकांच्या विरुद्ध आवळले जातात आणि काही क्षण तसेच राहतात. हार्पवर नेमके याच्या उलट घडावे लागते : एका बोटाने ओढायचे, बाकीच्यांनी आपल्या तारांवर शांत बसायचे, आणि स्वर निघताक्षणी त्या बोटाने सैल व्हायचे. हाताला आवळून धरण्याची सवय जितकी अधिक लागेल, तितका हा सैलपणा दुरावत जाईल.

अनामिका हे मुळातच परावलंबी बोट आहे. तळहात टेबलावर उपडा ठेवून मधले बोट आत दुमडा आणि मग अनामिका वर उचलून पाहा. ती जेमतेम हलेल, कारण हाताच्या पाठीवर तिची कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी जोडलेली असते. ही रचना कोणत्याही व्यायामाने बदलत नाही. बदलता येते ती अनामिकेची तारेवरची बैठक, आणि तेवढ्याने स्वरात पडणारा फरक फार मोठा असतो.

मोबाइल बाजूला उभा करून हाताचे चित्रीकरण करा आणि ते शांतपणे पाहा. पहिली गोष्ट बघायची ती अनामिकेचे शेवटचे पेर. तार ओढताना ते मागच्या बाजूला मोडत असेल, तर तुमच्या हातातून आलेले सगळे बळ त्या सांध्यातच जिरते आणि तारेला थोडेसेच मिळते. बोट किंचित गोलाईत, पण टोकाशी ठाम असावे आणि तारेला टोकाचा मांसल भाग लागावा. दुसरी गोष्ट अंगठ्याची. तो वर, जवळजवळ छताकडे रोखलेला असावा आणि बाकीची बोटे त्याच्यापेक्षा खाली, जमिनीच्या दिशेने झुकलेली असावीत. अंगठा खाली घसरला की हात मिटू लागतो, बोटांची एकमेकांत गर्दी होते आणि सर्वांत आधी कोंडी होते ती अनामिकेची. अंगठा उंच ठेवून त्याच्या आणि तर्जनीच्या मध्ये ऐसपैस जागा राहू दिली की अनामिकेला ओढायला वाव मिळतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नवशिक्यांकडून हमखास सुटते तीही हीच. स्वर छेडल्यावर बोट हवेत थांबता कामा नये. ते तळहाताला टेकेपर्यंत पूर्ण मिटले पाहिजे, आणि अंगठ्याने तर्जनीच्या बाजूवर येऊन विसावले पाहिजे. तार तर आधीच वाजून गेलेली असते, मग पुढच्या हालचालीने काय साधते, असे कोणालाही वाटेल. पण जे बोट तारेवरून सुटताच थांबते, त्याने थांबण्याची तयारी तार सुटण्यापूर्वीच सुरू केलेली असते, आणि ती माघार स्वरात स्पष्ट ऐकू येते. बोट निर्धास्तपणे तळहातापर्यंत जाऊ दिले की ओढ बोटाच्या मुळातून येते, स्वर भरदार होतो, आणि तळहाताशी पोचलेल्या बोटाला विश्रांतीही मिळते. हार्पवरचे बळ ते हेच.

आता रियाजाविषयी. लहानपणी गाणे किंवा पेटी शिकताना घोटलेले चार स्वरांचे अलंकार हार्पच्या हाताला अगदी चपखल बसतात, कारण या वाद्यावर करंगळी वगळून प्रत्येक हाताची चारच बोटे वापरली जातात. पांढरी एक हा सा धरला तर लाल तार सा होते आणि काळी किंवा निळी तार म होते, म्हणजे डोळ्यांनाही खूण मिळते. उजव्या हाताची अनामिका सा वर, मधले बोट रे वर, तर्जनी ग वर आणि अंगठा म वर, अशी चारही बोटे आधी तारांवर ठेवा. ती नीट बसल्याची खात्री झाल्याशिवाय काहीही वाजवू नका. मग अनामिकेने तार किंचित दाबून तिचा ताण बोटाला जाणवू द्या, छेडा, आणि बोट तळहातात मिटू द्या. या वेळी उरलेली तीन बोटे तारांवरून हलता कामा नयेत. त्यानंतर रे, ग, म. चौघे मिटले की हात सैल सोडा, आणि पुन्हा चारही बोटे एकदम रेगमप वर ठेवा. मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एका स्वराला दोन ठोके दिले तर प्रत्येक बोटाकडे लक्ष द्यायला पुरेसा अवधी मिळतो. उतरताना हाच क्रम उलटा, अंगठ्यापासून अनामिकेकडे.

डाव्या हातालाही हीच बोटे वापरायची आहेत. पियानोवर डावा हात उजव्याचे आरशातले प्रतिबिंब असतो, परंतु हार्पवर दोन्ही हात वादकाच्या बाजूने तारांकडे येत असल्यामुळे दोन्ही अंगठे वरच्या स्वरांवर आणि दोन्ही अनामिका खालच्या स्वरांवर पडतात. म्हणून एका हाताने शिकलेले दुसऱ्याला सहज शिकवता येते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत हार्प शिकतो. माझ्या शिक्षिका उजवे मनगट साउंडबोर्डच्या (तारा खाली ज्या लाकडी फळीत बसवलेल्या असतात तिच्या) कडेला हलके टेकवायला सांगतात, पण चित्रफितींत अनेक वादक कोपर उंच उचलून, मनगट कुठेही न टेकवता वाजवताना दिसतात. खरे कोणाचे? शिवाय पाच-दहा मिनिटांतच माझा हात कोपरापर्यंत भरून येतो.

उत्तर : दोन्ही खरे आहे. विसाव्या शतकात हार्पच्या तंत्राचे दोन प्रवाह ठळक झाले, आणि गंमत अशी की दोन्ही एकाच घरातून निघाले. आंरिएत रेनिए (१८७५–१९५६) आणि कार्लोस साल्झेडो (१८८५–१९६१) हे दोघेही हार्पवादक पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉर या संगीतविद्यालयात आल्फाँस हासेलमांस यांच्याकडे शिकले. रेनिए यांच्या परंपरेत उजवे मनगट साउंडबोर्डच्या कडेवर हलके विसावते. साल्झेडो यांनी पुढे अमेरिकेत जे तंत्र रुजवले, त्यात दोन्ही हात जमिनीला समांतर उचललेले असतात आणि स्वर छेडल्यानंतर हात वर उचलण्याच्या हालचालीलाही संगीताचाच भाग मानले जाते. उंच अंगठा, तारेवर आधीच ठेवलेली बोटे आणि तळहातात मिटणे या बाबतींत दोन्हींत फारसे अंतर नाही. पहिली काही वर्षे आपल्या शिक्षिकांचीच पद्धत धरून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. थोडे इकडचे, थोडे तिकडचे असे केल्याने हात कुठेच स्थिर होत नाही. एवढे मात्र पाहा की टेकवलेल्या मनगटावर हाताचा भार पडत नाही. ते तिथे टेकते, लोंबकळत नाही.

हात भरून येण्याचे कारण बहुधा बोटांच्या पलीकडे आहे. आधी बसण्याची उंची तपासा. हार्प मागे घेऊन उजव्या खांद्यावर आणल्यावर एक असा कोन सापडतो, जिथे ते जवळजवळ आपल्याच तोलावर उभे राहते आणि खांद्याला फक्त त्याचा स्पर्श जाणवतो. हा कोन साधला नसेल, तर वादक नकळत दंडांनी आणि गुडघ्यांनी वाद्य सावरत राहतो, आणि मग बोटांना मोकळीक कोठून मिळणार? लहान लिव्हर हार्प बुटके असेल तर त्याच्याखाली चौरंग घ्यावा; पाठ वाकवून त्याच्यापर्यंत खाली जाऊ नये. दुसरे कारण म्हणजे दोन स्वरांच्या मध्ये आवळलेला अंगठा. चार स्वर वाजवून झाल्यावर हात मांडीवर सोडा, एक श्वास घ्या, आणि अंगठ्याच्या बुंध्याची गादी दुसऱ्या हाताने चाचपून पाहा. ती कडक लागली तर तो अंगठा वाजवत नसतानाही काम करत होता.

येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगितली पाहिजे. मेहनतीने भरून आलेला हात विश्रांतीनंतर मोकळा होतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु मनगटात तीव्र कळ येत असेल, किंवा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन रात्री बधिरपणा जाणवत असेल, तर मनगटातल्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘रियाजाने होईल ठीक’ असे म्हणून रेटू नये. वाद्य बंद ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा.

प्रश्न : मी पुण्यात अनेक वर्षे सतार वाजवते. मुलीने परदेशातून छोटे हार्प आणून दिले आहे. सतारीमुळे पडलेले घट्टे इथे उपयोगी पडतील, असे वाटले होते, पण बोटांना फोड आले. नखे वाढवावीत का?

उत्तर : सतारीचे घट्टे डाव्या हाताच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर, पडद्यांवर तार दाबण्याच्या जागी पडतात, उजव्या हाताची तर्जनी मिजराबीच्या (तार छेडण्यासाठी बोटात घालायच्या नखीच्या) आड सुरक्षित असते. हार्पवर दोन्ही हातांची चार-चार बोटे तारेला थेट लागतात आणि घर्षण होते ते टोकाच्या मांसल भागावर, थोडे बाजूला. त्यामुळे ही त्वचा तुमच्याही हाताला नवीच आहे. एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा, एवढ्यावर सुरुवातीचे काही आठवडे समाधान मानावे. आंघोळ किंवा धुणीभांडी झाल्यावर लगेच वाद्याला बसू नये, कारण भिजून मऊ झालेल्या त्वचेला फोड लवकर येतात. आलेला फोड फोडू नये, आणि तो बरा होईपर्यंत त्या बोटाला सुट्टी द्यावी. इतर बोटांचा रियाज चालू ठेवता येतो. ज्या दिवशी बोट फार हुळहुळे असेल, त्या दिवशी तारेवर बोटे ठेवणे आणि उचलणे एवढाच मूक सराव करावा. तोही वाया जात नाही.

नखे मात्र कापावीत. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांवर नख लागले की स्वर चिरकतो. नखांनी वाजवण्याची परंपरा आहे, पण ती आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या धातूच्या तारांच्या जुन्या हार्पची. १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा जो मेळावा भरला, त्यात डेनिस हेंपसन हे वृद्ध वादक लांब नखांनी वाजवत होते आणि तिथल्या धून टिपून घेणाऱ्या एडवर्ड बंटिंग यांनी त्याची नोंद केली. ते तंत्र स्वतंत्र आणि सुंदर आहे, पण तुमच्या वाद्याला लागू पडणारे नाही.

प्रश्न : पुढची बोटे आधीच तारांवर ठेवायची, असे ठाण्यातल्या माझ्या ऑनलाइन शिकवणीत सांगतात. मी तसे केले की वाजत असलेल्या तारेतून झर्रर्र असा आवाज येतो. मग उशिरा ठेवलेले बरे नाही का?

उत्तर : नाही. थरथरत्या तारेला बोट अर्धवट लागले की ती बोटावर आपटत राहते, आणि तो आवाज येतो. म्हणजे दोष लवकर ठेवण्यात नसून चाचपडत ठेवण्यात आहे. बोट थेट, एकाच हालचालीत आणि पूर्ण मांसल भागासह तारेवर बसवा; आवाज क्षणात थांबतो. तीच तार पुन्हा वाजवायची असेल तर बोट छेडण्याच्या जरासेच आधी ठेवावे, दुसऱ्या तारांवर मात्र निवांत आधी ठेवावे. चढत्या सप्तकात अंगठा वाजण्यापूर्वीच अनामिका त्याच्याखालून पुढच्या तारेवर जाऊन बसते, आणि त्यामुळेच स्वरांची साखळी तुटत नाही.

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा सिंगापूरमध्ये शाळेत हार्प शिकतो. वाजवताना त्याची करंगळी ताठ बाहेर येते. शिक्षक टोकतात, पण ती वाजवायचीच नसेल तर ती कुठेही असली म्हणून काय बिघडते?

उत्तर : करंगळी आखूड असल्यामुळे या ठेवणीत ती तारेपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ती वाजवण्यात नसते. पण वर सांगितल्याप्रमाणे अनामिका शेजारच्या बोटांशी बांधलेली आहे. करंगळी ताठ उभी राहिली की ती अनामिकेला मागे खेचते, आणि त्या बोटाला तार ओढण्याबरोबर करंगळीशीही झगडावे लागते. करंगळीने अनामिकेच्या सोबत राहावे आणि तिच्याबरोबरच तळहातात मिटावे. मुलाला ‘करंगळी खाली’ असे सारखे टोकण्याऐवजी ‘दोघे मिळून मिटा’ असे सांगून पाहा. मुलांना काय करू नये यापेक्षा काय करावे हे चटकन कळते. त्याचे पाय जमिनीला किंवा पाटाला टेकतात ना, हेही बघा. लोंबकळत्या पायांनी बसलेले मूल तोल सावरायला हार्पलाच धरते, आणि त्या धरण्यातूनही करंगळी ताठ होते.