कॅम्परच्या बॅटरीसाठी एफडी मोडावी का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय 56, निवृत्तीला दोन वर्षं. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन उद्यमनगरात तिची कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करून घेतली. ऑक्टोबरअखेर पत्नीसह हिमाचलातल्या थंड स्पिती खोऱ्यात पंधरा रात्री, आणि वर्षभरात आंबोली, राधानगरी, कोकण मिळून आणखी पंचवीसेक. हातात तीन कोटेशनं आहेत: 100 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन एजीएम, म्हणजे बंद लेड-ॲसिड, बॅटऱ्या 28,000 रुपये, 100 एएचची एक लिथियम फॉस्फेट 45,000, आणि तीच आत हीटर बसवलेली 62,000. थंडीत दगा नको म्हणून तिसरी घ्यावी, त्यासाठी दोन लाखांची एफडी मोडावी, असा त्यांचा विचार आहे. सप्टेंबरात 60,000 ची आरडी सुटते, पण ती प्रवासखर्चाला राखलेली.

दादा, एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली तर बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापते, तो तोटा किरकोळ. पण उद्या घरात दवाखान्याचं काही निघालं तर लगेच हाताशी येणारी ती एकच रक्कम आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तिला बॅटरीसाठी हात लावायचा नाही.

आता थंडीचं. लिथियम फॉस्फेटची भीती अर्धी खरी आहे. शून्याखाली ती वीज देते, बहुतेक उणे 20 पर्यंत. मात्र शून्याखाली ती चार्ज करायची नाही. तशी केली तर आतल्या पट्टीवर लिथियम धातूचा थर बसतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. म्हणून बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये, 'थंडीत चार्जिंग बंद' ही सोय हवीच, आणि ती दुकानदाराच्या तोंडी नको, माहितीपत्रकात छापलेली हवी. स्वस्त बॅटऱ्यांत अनेकदा नेमकी तीच नसते. ती सोय असेल आणि बॅटरी केबिनच्या आत बसवली असेल, तर सकाळी आधी डिझेल हीटरने केबिन गरम करायची, मग चार्जिंगसाठी इंजिन सुरू करायचं. एवढ्यावर भागतं. आतल्या हीटरचे जास्तीचे 17,000 वर्षातल्या पंधरा सकाळींसाठी आहेत. ते मी देणार नाही.

एजीएमही नापास नाही. तुमचा डिझेल हीटर, दिवे, मोबाइल धरून रात्रीला साधारण 40 एएच लागतील. दोन एजीएमचे 200 एएच, त्यातले वापरायचे निम्मे, शून्य अंशाला त्यातलेही वीसेक टक्के कमी. तरी 80 उरतात, दोन रात्रींचे. फक्त पूर्ण उतरू द्यायच्या नाहीत. उतरलेल्या लेड बॅटरीतलं ॲसिड उणे 7 ते 10 अंशांच्या आसपास गोठू शकतं आणि खोकं फुटतं.

मग निर्णय कशावर करायचा? दुकानदार लिथियमच्या चार हजार सायकल, म्हणजे चार हजार वेळा भरणं-उतरणं, सांगतो. तुमच्या वर्षाला 40 रात्री, म्हणजे त्या संपायला शंभर वर्षं लागतील. तेव्हा सायकल विसरा, वर्षं मोजा. लिथियम दहा वर्षं धरू, एजीएम नीट ठेवली तर चार. लिथियमच्या कोटेशनमध्ये एक खर्च राहिलाय: अल्टरनेटरवरून (इंजिनवर चालणाऱ्या जनित्रावरून) सुरक्षित चार्ज करायला डीसी टू डीसी चार्जर लागतो. त्याचे 12,000 धरले तर एकूण 57,000. आठ वर्षांत एजीएमचे दोन जोड, 56,000. म्हणजे गाडी आठ वर्षं ठेवणार असाल तरच लिथियम परवडते. चार-पाच वर्षांत विकणार असाल तर एजीएमच घ्या. निवृत्तीनंतर फिरायचं म्हणताय, म्हणून मी लिथियमकडे झुकतो. (22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर जीएसटी 18 टक्केच आहे. एजीएमच्या कोटेशनवर 28 टक्के दिसले तर विचारा.)

झुकण्याचं खरं कारण मात्र स्पिती नाही, कोल्हापूर आहे. बॅटरी वर्षातले बहुतेक दिवस इथेच पडून राहणार. मे महिन्यात उन्हात उभी बंद गाडी आतून भट्टी होते, आणि तापमान दर 10 अंशांनी वाढलं की लेड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पावसाळ्यात ती दोन महिने चार्ज न करता राहिली तर सल्फेट जमतं. 2019 आणि 2021 ला पंचगंगेच्या पुरानं काय केलं ते तुम्ही पाहिलंय. लिथियम बारा-तेरा किलोची, एकट्याने उचलून माडीवर नेता येते. निम्म्या चार्जवर, वायरी सोडवून, सावलीत ठेवायची, दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायचं. एजीएम तीस-तीस किलोच्या दोन, आणि त्या मात्र पूर्ण भरूनच ठेवाव्या लागतात. साठीच्या उंबरठ्यावर दर पावसाळ्यात ती ओझी उतरवाल का, हे स्वतःला विचारा.

पैसे कुठून? लिथियम आणि स्पिती दोन्ही एकाच सप्टेंबरात बसत नाहीत. जाऊन-येऊन साडेचार-पाच हजार किलोमीटर, दहाचं मायलेज धरलं तरी पाचशे लिटरपर्यंत डिझेल, म्हणजे तेच 45,000 च्या घरात. माझं मत: आरडीतून या वर्षी बॅटरी आणि चार्जर घ्या, हिवाळाभर सह्याद्रीत वापरा, काही बिघडलं तर दुकान दहा मिनिटांवर आहे. दरमहा 5,000 ची नवी आरडी लावा आणि पुढच्या ऑक्टोबरात स्पितीतल्या काझाला जा. याच वर्षी जायचं पक्कं असेल, तर 28,000 च्या एजीएम घ्या, उरलेले 32,000 डिझेलला ठेवा आणि कमी पडेल ते पगारातून घाला. एफडी दोन्ही वाटांवर जागची हलत नाही.