सांवेरच्या शेताला एसटीपीचं पाणी: घ्या, पण युरिया मोजून

ताई, बोअर फेब्रुवारीतच आटतो आणि आता एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, प्रक्रिया केलेल्या पाण्याची लाईन शेतापर्यंत येणार आहे, तर रब्बीला ते द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. द्या. मी इंदूरजवळ नऊ वर्षं देतोय. मात्र हे पाणी खतही आहे, हे विसरू नका.

पहिल्या वर्षी मी सवयीने नेहमीइतकाच युरिया टाकला. गहू इतका गर्द हिरवा आला की शेजारी बघायला यायचे. ओंब्या भरताना एक वारा सुटला आणि सगळा लोळला. हिशोब तेव्हा कळला. गव्हाला हंगामात 300 मिमी पाणी दिलं तर एकरी साधारण 12 लाख लिटर होतं. त्यात लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र असेल तर 24 किलो नत्र जमिनीत गेलं, म्हणजे युरियाची 45 किलोची गोणी भरून वर सात किलो. तेवढा युरिया कमी करायलाच हवा. म्हणून आधी पाण्याचा रिपोर्ट मागा आणि त्यात नत्राचा आकडा बघा.

त्याच रिपोर्टमध्ये क्षार आणि सोडियमही पाहा. सिंचनाच्या पाण्यासाठी ईसी (क्षारांचं माप) 2250 मायक्रोसिमेन्स/सेमी आणि एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, ते माप) 26 पर्यंत चालतो असं सरकारी निकष म्हणतात, पण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीला 26 फार झाला. सोडियम वाढला की ती चिकट होते, वाळली की दगड. मी 10 च्या वर जाऊ देत नाही.

गहू, हरभरा निर्धास्त घ्या. कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी, जे कच्चं खाल्लं जातं ते या पाण्यावर नकोच. स्प्रिंकलरही नको, तुषार पानांवर आणि माणसांवर उडतात. ठिबक उत्तम, पण फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी धुवावा लागतो, नाहीतर शेवाळाने ड्रिपर बंद पडतात. काढणीच्या दोन आठवडे आधी पाणी तोडा. पाणी देणाऱ्या गड्याला गमबूट आणि हातमोजे घेऊन द्या, यात काटकसर करू नका. शेतातल्या विहिरीचं पाणी घरी पीत असाल तर वर्षातून एकदा नायट्रेट तपासा, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी लेकरांना देऊ नका.

आणि लाईनला उशीर झाला म्हणून कान्ह नदीत मोटर टाकू नका. प्लांटच्या तोंडाशी पाण्यात काय आहे ते रिपोर्टवरून कळतं, पण नदीत पुढे कुठला नाला मिसळला ते कोणीच सांगू शकत नाही.