पत्रिकेतली चौथी ओळ

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी त्रेपन्न वर्षांचा असून पिंपरीत एका कारखान्यात नोकरी करतो. थोरला भाऊ माण तालुक्यातल्या आमच्या गावी शेती पाहतो आणि आई त्याच्याकडेच असते. मागच्या वर्षी पुतण्याचे लग्न झाले. पत्रिकेत माझे नाव चौथ्या ओळीत, चुलत भावांच्याही खाली होते, आणि अक्षत घेऊन घरी येण्याऐवजी भावाने पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली. ज्या मुलाच्या शिक्षणाची फी मी भरली, त्याच्या लग्नाला मी गेलो नाही. आदल्या दिवशी भावाचा फोन आला होता, तो मी उचलला नाही. तेव्हापासून बोलणे बंद आहे. बोलायची माझी तयारी आहे. पण अपमान चारचौघांत झाला, तेव्हा माफीही त्याने चारचौघांतच मागितली पाहिजे. येत्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचे लग्न आहे. तिच्या पत्रिकेत त्याचे नाव घालावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे दुःख मला क्षुल्लक वाटत नाही. कोणाचे नाव पत्रिकेत कुठे छापले, कोणाच्या घरी अक्षत द्यायला माणूस गेला, मांडवात कोणाला मानाचा फेटा बांधला आणि माइकवरून कोणाचे नाव घेतले, यांवरून आपल्याकडे भावकी माणसाची घरातली जागा ठरवते, आणि सख्ख्या काकाचे नाव चुलत भावांच्या खाली जाणे हे कोणालाही खटकेल. ‘एवढ्याशा गोष्टीचे काय मनाला लावून घेता’ असे सांगणारे बहुधा स्वतः पहिल्या ओळीत असतात, तेव्हा त्यांचे बोलणे सोडून द्या.

तुमच्या पत्रातले माफीचे वाक्य मात्र मी पुन्हा वाचले. समजा, उद्या तुमचा भाऊ एकटाच पिंपरीला आला, दार लावून तुमच्यापाशी बसला आणि ‘माझे चुकले’ एवढेच म्हणून परत गेला. ही गोष्ट तुम्हा दोघांखेरीज कोणाला कधीच कळणार नाही, अशी अट आहे. तेवढ्याने तुमचे मन शांत होईल का? होणार असेल, तर तुम्हाला भावाने दुखावले आहे आणि औषधही त्याच्याकडेच आहे. पण ‘लोकांना कसे कळणार?’ हा प्रश्न लगेच मनात आला, तर भांडण आता भावाशी उरलेले नाही. जी माणसे वरात गेल्यावर आपापल्या घरी निघून गेली आणि ज्यांना ती ओळ आज आठवतही नसेल, त्यांच्यासाठी तुम्ही ते चालवत आहात. अहंकार वाद वाढवतो तो असा: झालेल्या दुखापतीला तो प्रेक्षक जोडून देतो, आणि मग दोघांनाही माघार घेता येत नाही.

दुसरी गोष्ट त्या न उचललेल्या फोनची. चौथ्या ओळीचे तपशील तुम्ही सविस्तर लिहिले आहेत आणि हा फोन एका वाक्यात उरकला आहे. लग्नघरी आदल्या दिवशी हळदीची गडबड असताना त्या माणसाने सवड काढून तुम्हाला फोन केला, तो कशासाठी होता, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. पत्रिकेतली नावे कोणी लिहून दिली, छापण्यापूर्वी ती कोणी वाचली, हेही तुम्ही कोणाला विचारलेले दिसत नाही. जिथे माहिती नव्हती तिथे तुम्ही हेतू गृहीत धरला, आणि तो वाईटच गृहीत धरला.

फीबद्दलही थोडे बोलायला हवे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नवरा-बायकोला वेगवेगळे विचारले होते की, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक कामांच्या बाबतीत पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. त्याचे एक मोठे कारण असे की, आपण केलेले आपल्याला चटकन आठवते आणि दुसऱ्याने केलेले अनेकदा आपल्या डोळ्यांआड झालेले असते. त्यासाठी कोणाला खोटे बोलावे लागत नाही. तुम्हाला शाळेची प्रत्येक पावती आठवत असेल. रात्री आईला दवाखान्यात नेताना, दुष्काळात टँकरची वाट पाहताना किंवा बांधावरून शेजाऱ्याशी तंटा निस्तरताना तुम्ही तिथे नव्हता. एखाद्या रविवारी वही घेऊन बसा आणि या वर्षाची हकीकत तुमचा भाऊ आपल्या बायकोला जशी सांगेल, तशी त्याच्या बाजूने लिहून काढा. ‘त्याला पैशाचा माज आला आहे’ यासारखे वाक्य लिहिताना हात अडला, तर तिथे थांबून विचार करा. हे स्वतःला दोषी ठरवण्यासाठी नाही. लिहून झाल्यावरही भावाने चूक केली असेच तुमचे मत राहू शकते, फक्त ती चूक नेमकी केवढी आहे, हे तुम्हाला दिसेल.

‘आधी मीच का बोलू?’ हा प्रश्न तुम्ही शब्दांत विचारलेला नाही, पण पत्रभर तो आहे. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला काका राघोबादादांशी लढाई जुंपली, तेव्हा माधवराव पेशवे सतरा वर्षांचे होते आणि पद त्यांचे होते, तरी ते आपण होऊन काकांच्या छावणीत गेले, कारण घर फुटले तर फायदा निजामाचा होता. पुढच्याच ऑगस्टमध्ये काका-पुतण्यांनी मिळून राक्षसभुवनला निजामाचा पराभव केला. अर्थात काकांचा स्वभाव त्यामुळे बदलला नाही आणि १७६८ मध्ये धोडपला पुन्हा लढाई झालीच. आधी नमते घेतल्याने माधवरावांचा मान गेला, असे मात्र आजवर कोणी म्हटलेले नाही. तुमच्या भावाच्या बाबतीतही मी हमी देणार नाही. तुम्ही गेल्यावर तो घुश्शात बसून राहील, हे शक्य आहे.

आता मुलीची पत्रिका. थोरला म्हणून त्याचे नाव जिथे यायला हवे तिथेच छापा. परंतु तो मोठेपणा पत्रिकेतून दाखवू नका. आधी न बोलता नाव छापून थेट अक्षत घेऊन गेलात, तर ‘बघा, मी कसा वागलो आणि तुम्ही कसे वागलात’ असाच त्याचा अर्थ निघेल, आणि खरे सांगायचे तर थोडा तसा हेतूही असेल. म्हणून पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी एकटेच गावी जा. आईला मध्यस्थ करू नका. तिने दोघांपैकी एकाची बाजू घ्यावी, अशी वेळ तिच्यावर आणू नये. ‘दादा, पत्रिकेतले नाव पाहून मला वाईट वाटले आणि रागाच्या भरात मी तुझा फोन उचलला नाही’ एवढे एकदाच सांगा, फीचा विषय काढू नका, आणि तो जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. मग नातीच्या पत्रिकेत कोणाची नावे कशी घ्यायची, हे आईसमोर बसून त्यालाच विचारा, आणि त्याने सांगितलेला क्रम तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळा निघाला तरी तो लिहून घ्या.