फिट येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी शिष्यवृत्ती किंवा संशोधनासाठी अनुदान मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला सातवीपासून फिट येतात, यंदा बारावी झाली, तिला बी. फार्म. करून पुढे याच आजारावर संशोधन करायचंय, आणि कोरेगावात कुणीतरी सांगितलं की अशा मुलींना सरकार वेगळे पैसे देतं. मी तासगाव तालुक्यातली. मलाही दहाव्या वर्षापासून फिट येतात आणि मी बी. फार्म., एम. फार्म. दोन्ही केलं, म्हणून लिहिते.

नुसता अपस्मार (म्हणजे फिट येण्याचा आजार) आहे एवढ्यावर मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती मला कधी सापडली नाही. गूगलवर आधी दिसतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या, तिथल्या रहिवाशांसाठीच्या. त्यात दिवस घालवू नका.

मग लोक अपंगत्वाचा दाखला सुचवतात. माझे वडील ऐन ऑक्टोबर छाटणीत बाग सोडून दोनदा त्यासाठी गेले. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांना बसवून नीट सांगितलं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पण एकटा अपस्मार नाही. फिटसोबत सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असेल आणि ती ४० टक्के किंवा जास्त भरली, तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) घेऊन राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दिव्यांगांच्या योजनांना अर्ज करता येतो. बहिणीला तसं काही नसेल तर ‘दाखला काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तिला पैसे मिळतील ते उत्पन्न आणि प्रवर्ग बघून. माझ्या वेळी राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी फी माफ झाली होती. आता २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी (ट्यूशन फी) आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. फार्मसी त्यात येते. फक्त प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हे सगळं गेलं. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, करायचा. आजारपणात तिचं एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. माझं अकरावीनंतर एक वर्ष गेलं होतं, आणि तेवढ्या एका कागदासाठी अर्ज परत आला होता.

संशोधनाचं अनुदान रुग्णाला मिळत नाही, विषय मांडणाऱ्या संशोधकाला मिळतं. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) अशा प्रकल्पांना पैसे देते. बहिणीसाठी वाट अशी: बी. फार्म.नंतर जीपॅट (एम. फार्म.साठीची देशपातळीवरची परीक्षा), मग एम. फार्म.ची दोन वर्षं महिना १२,४०० रुपये. मी त्यावरच शिकले, घरून फक्त गोळ्यांचे पैसे घेतले. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएच.डी.ला सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. आपल्याकडे लोक फिटच्या गोळ्या मध्येच का सोडतात, यावर काम करायला तिच्याइतकं योग्य माणूस दुसरं कोण?

गोळ्यांवरून आठवलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कोणती गोळी मिळते ते विचारा. पण पैसे वाचवायला डॉक्टरांना न विचारता गोळी बदलू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. हॉस्टेलमध्ये लपवू नका. ‘पुढं स्थळं यायची नाहीत’ म्हणून आईनं मला कुणाला सांगू दिलं नव्हतं. पहिल्या वर्षी परीक्षेआधी दोन रात्री जागले आणि मेसमध्ये फिट आली. मुलींनी नाकाला कांदा लावला, दातांत चमचा घातला. माझा पुढचा दात तुटला. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बसवून सांगितलं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर दवाखान्यात न्या. त्यानंतर परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला माझ्या खोलीतला दिवा त्याच बंद करायच्या.

आता तुमच्यासाठी पहिलं काम: ती राखीव प्रवर्गातली असेल आणि जात वैधता प्रमाणपत्र झालं नसेल तर आजच त्याच्या मागे लागा. सगळ्यात जास्त दिवस त्यातच जातात आणि कॅपच्या तारखा थांबत नाहीत. प्रवर्ग कोणता ते खाली लिहा, म्हणजे कागदांची यादी देते.