टेक्स्चर ठरवण्याआधी खिडकी कुठे आहे ते बघा

तुमची बेडरूम १० बाय १२, खिडकी पूर्वेच्या आखूड भिंतीला, आणि तिच्या बरोबर समोर, पलंगामागे, खडबडीत रस्टिक टेक्स्चर करून खोलीला ऊब आणायची आहे. माझं स्पष्ट मत: त्या भिंतीवर ते नको.

टेक्स्चर दिसतं ते सावलीमुळे. उजेड बाजूने भिंतीला घासून गेला की उंचवटे उठून दिसतात. तुमच्या पलंगामागच्या भिंतीवर तो समोरून पडणार, म्हणजे दिवसभर नुसता मळकट रंग दिसेल. खरखरीत काम करायचंच असेल, तर खिडकीलगतच्या उत्तर किंवा दक्षिण भिंतीवर करा, आणि दाणा बारीक ठेवा. एवढ्या खोलीत जाड दाणा अंगावर येतो. रेषा ओढायच्या तर उभ्या. आडव्या खाचांत धूळ साचते आणि ती काढणं फार जिकिरीचं असतं.

पलंगामागे चुन्याचा घोटलेला गिलावा करा. आपल्याकडचे जुने गवंडी नीरू करायचे, राजस्थानात आराइश करतात, मोरोक्कोत तादेलाक्त. शेवटच्या दोन्हींत भिंत दगडाने घोटून चकाकी आणतात. चुन्यात रंग थोडा ढगाळ बसतो, आणि समोरून येणाऱ्या उजेडात तोच फार देखणा दिसतो. खोली शांत वाटते, लहानही वाटत नाही. मात्र जुना प्लास्टिक पेंट आणि त्याखालची लांबी (पुट्टी) पूर्ण खरवडून गिलावा उघडा करावा लागेल, नाहीतर चुना धरणार नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे घाई करणारा कारागीर घेऊ नका. वाळल्यावर रंग बराच फिका होतो, हेही धरून चाला.

पलीकडे बाथरूम असेल तर आधी गळती काढा. ओल्या भिंतीवर ॲक्रिलिक टेक्स्चरचे पोपडे सुटतात. चुना बाष्प बाहेर जाऊ देतो, पण गळती थांबवत नाही. क्षार त्यातूनही फुटतात.

खरखरीत भिंतीला रात्री ट्यूबलाइट पुरणार नाही. छतात, भिंतीपासून ६ ते ८ इंचांवर, पिवळसर डाउनलाइट लावा.

कॅटलॉगमधल्या फोटोंवर जाऊ नका, ते नेमक्या तिरप्या उजेडात काढलेले असतात. ज्या भिंतीवर काम व्हायचं तिथेच २ बाय २ फुटांचा नमुना करून घ्या, पूर्ण वाळू द्या, सकाळी, दुपारी आणि दिव्यात बघा, मगच पेंटरला आगाऊ रक्कम द्या.