अँबॅसिडरमध्ये इसुझूचं इंजिन बसवल्यावर वेग आणि किलोमीटर दाखवणारा जुना केबलचा मीटर चालेल का?

चालेल. "केबल कापून टाका, मोबाइलवर स्पीड बघा" असं सांगणाऱ्या तुमच्या मिस्त्रीचं ऐकू नका.

हेच वाक्य माझ्या थोरल्या भावानं आमच्या मार्क फोर अँबॅसिडरबद्दल म्हटलं होतं. तुमच्यासारखंच १८०० सीसीचं इसुझू इंजिन, पाच गिअरच्या बॉक्ससकट. डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारी गिअरपेटी, मात्र जुनंच ठेवलेलं. आप्पा प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की मीटरचा आकडा वहीत लिहायचे. गाडी घेतल्यापासूनच्या त्या वह्या आहेत. मीटर बंद म्हणजे वही बंद, हे दादाला कळत नव्हतं. मोबाइल त्या क्षणाचा वेग दाखवेल, पण गाडी एकूण किती चालली ते तिच्या पोटातल्या आकड्यांनाच माहीत असतं.

मुळात इंजिनाचा मीटरशी संबंधच नाही. केबल फिरते गिअरबॉक्सच्या शेपटातून. म्हणून बिघडतं ते बॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांचं गणित. आम्ही जुन्या आणि नव्या केबलची टोकं जोडून एक केबल बनवून घेतली, काटा हलला, सगळे खूश. मग कागलच्या वाटेवर किलोमीटरचे दगड मोजले: १० किलोमीटरला मीटर १२ च्या वर गेला. दादा म्हणाला, "चालतंय ना, राहू दे." वहीत खोटा आकडा लिहायचा? आप्पांनी त्या महिन्यात वही उघडलीच नाही.

मोजायची रीत सोपी आहे. केबल मीटरमधून सोडवा, आतल्या तारेला पुठ्ठ्याचा काटा लावा, गाडी टेप लावून बरोबर १० मीटर ढकला आणि फेरे मोजा. त्याला १०० ने गुणलं की किलोमीटरमागचे फेरे मिळतात. आमचे आले ७.८, म्हणजे ७८०. डायलवर खाली बारीक अक्षरांत ६४० होतं, म्हणजे मीटरला किलोमीटरमागे तेवढेच फेरे हवेत. ७८० भागिले ६४० म्हणजे १.२२. कोल्हापुरात उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून केबलच्या मध्ये बसणारी छोटी गिअरपेटी करून घेतली, बॉक्सकडून १८ दात, मीटरकडे २२. बसवली तर काटा शून्याच्या खिळ्याला चिकटलेला आणि किलोमीटर उलटे! दोन गिअर एकमेकांत बसवले की दिशा फिरते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मध्ये तिसरा गिअर घातला. त्यानं प्रमाण बदलत नाही, फक्त दिशा सुलट होते. पुन्हा कागल, पुन्हा दगड. १० ला १०. आप्पांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि बोनेटवर ठेवूनच वहीत तारीख लिहिली.

केबल नेताना कुठंही सहा इंचांपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका, काटा थरथरतो. ग्रीसचा अगदी पातळ हात लावा आणि मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवा. नाहीतर ग्रीस वर चढून मीटरच्या आत जातं.

डायलवरचा आकडा पुसला असेल तर दगडांचाच हिशोब पुरतो. टायरचा साइज बदलायचा असेल तर तो आधी बदला, मगच मोजा. आणि हो, तुमचं डिफरन्शियलसुद्धा इसुझूवाल्याच गाडीतून आलं असेल, तर यातलं बहुतेक काही करावं लागणार नाही. त्याच गाडीचा मीटर आणि तिचीच केबल शोधा, टोकं आपोआप जुळतील. इंजिन नंबरची नोंद आरसीवर करून घेतली नसेल तर मात्र मीटरच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

दादा, तू हे वाचत असशील तर सांगतो: सध्याची वही सातवी आहे.